लंकेची पार्वती, मुक्काम सोनपेठ

मी किडे पाळत होते. कुणी गाई पाळतं, कुणी कोंबड्या. मी परभणीच्या सरकारी शेतावर बोंडअळ्या पाळायची, त्यांना वेळच्या वेळी खायला घालायची, आणि मेल्या तर का मेल्या ते लिहून ठेवायची. आठ-नऊ वर्षं हीच माझी नोकरी. हे एवढं साधं वाक्य मी आजवर कुणाला तोंडाने सांगितलेलं नाही. कुणी विचारलंच तर "शेतावर कामाला जाते" म्हणायची आणि पदर सावरून पुढे व्हायची.

दिवाळी अंकांत लोक आपापल्या नोकरीच्या गोष्टी लिहितात. कुणी फौजदार असतो, कुणी स्टेशनमास्तर, कुणी डॉक्टरीण. ते मी चष्मा लावून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते आणि दर वर्षी मनात म्हणते, आपल्याकडेही एक गोष्ट आहे की. पाठवायचं धाडस मला होणार नाही. पण नातीची अर्धी कोरी वही घरात पडून आहे, म्हणून तिच्यात लिहिते.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य. परभणीच्या सरकारी शेतावर कापसाच्या नव्या नव्या जाती करून बघायचे. कापसाला शेंदरी अळी लागते. ती बोंडात शिरते, आतल्या आत सरकी खाते आणि बाहेरून बोंड दिसतं धडधाकट. पुढे ती अळी कोष करते, कोषातून पाकोळी निघते, पाकोळी अंडी घालते, अंड्यातून पुन्हा अळी. हा फेरा किती दिवसांचा, पावसात किती आणि थंडीत किती, हे एकदा कळलं की पेरणी मागेपुढे करून अळीला चकवता येतं. म्हणून कुणीतरी बसून तो फेरा बघायचा. बघणारी मी.

कंदिलाच्या काचा असतात ना, तशा चाळीस-पन्नास काचा फळीवर उभ्या केलेल्या. तोंडाला मलमलचं फडकं. आत बोंडाचा तुकडा, नाहीतर पाकोळीसाठी साखरपाण्याचा बोळा. प्रत्येक काचेला नंबर. सकाळी गेलं की पहिल्या नंबरापासून बघत जायचं. काल अळी होती, आज कोष झाला. कुणी मेलं, कुणी जन्मलं. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. उलट सकाळी दार उघडताना छातीत धडधड व्हायची, आज कोण बाहेर आलं असेल?

हे काम मला मिळालं ते फुलवातीमुळे. मी आधी शेतावर कापूस वेचायला होते. अन्वरसाहेब म्हणून हैदराबादचे अंमलदार किड्यांच्या खोलीवर होते. त्यांना पाकोळी उचलून देणारं माणूस पाहिजे होतं. गड्यांनी चिमटीत धरली की पंखांवरची पूड बोटांना लागायची आणि पाकोळी फुकट जायची. साहेब हैराण होऊन बाहेर आले तेव्हा मी तिथेच ओटीतला कापूस रिकामा करत होते. खिडकीत एक पाकोळी बसलेली होती. मी चिमूटभर कापूस घेतला, फुलवात वळली, टोक जिभेला लावून ओलं केलं आणि तिच्या पायांपुढे धरलं. ती आपण होऊन वर चढली. फुलवात तशीच साहेबांपुढे धरली. मान मात्र खाली.

"बस! यही बाई," साहेब म्हणाले. झाली माझी नेमणूक.

एक अडचण होती. बांगड्या वाजल्या की पाकोळ्या काचेवर आपटून घेतात. म्हणून साहेबांनी सांगितलं, हातात काही नको. नवरा जिवंत असताना बांगड्या काढायच्या कशा? मी त्या वर सरकवून कोपराखाली चिंधीने घट्ट बांधायची आणि वरून पदर घ्यायची. मनगटं उघडी राहायची. वेचणाऱ्या बायकांची मुकादम गजराबाई होती, तिने पहिल्याच दिवशी हटकलं.

"काय गं ए लंकेची पार्वती! नवरा बैलांना वैरण टाकायलाय तिकडं, अन् तू अशी मोकळ्या हातानं हिंडायलीस?"

बायका खो खो हसल्या. त्या दिवसापासून मी त्यांची लंकेची पार्वती. अंगावर गुंजभर दागिना नसलेल्या बाईला आपल्याकडे म्हणतातच तसं. मालक शेतावर बैलांकडेच होते. त्यांनाही बायका विचारायच्या, "पार्वती आली का जी?" ते बिचारे हसून सोडून द्यायचे.

दुसरी अडचण माझी मीच. मला साहेबांशी बोलता येत नव्हतं. त्यांना मराठी समजायची, पण त्यांच्यासमोर माझी जीभ टाळूला चिकटायची. मी चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर गोल. म्हणून चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवायची. "काच नंबर सात. अळी मेली. बुरशी." कोपऱ्यात केशवराव मुनशी बसायचे. वडिलांच्या वयाचे, तपकीर ओढणारे. ते चिठ्ठी उचलायचे आणि उर्दूत वाचून दाखवायचे. तिघं एका खोलीत, तरी माझं बोलणं कागदावरून आणि मुनशींच्या नाकातून साहेबांकडे जायचं. नवीन किडा आला तर चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्या असायच्या, कुठे सापडला, काय खातो, कुणाला सापडला. तिसरी जागा मी नेहमी कोरी ठेवायची.

खोलीची कीर्ती हळूहळू पसरली. एकदा एका गावच्या पाटलाने गडी पाठवला, डोक्यावर तोंड बांधलेला घडा. फडकं सोडलं तर आत वळवळणाऱ्या अळ्याच अळ्या!

"पाटलानं सांगितलंय," गडी म्हणाला, "हे सरकारी किडे आमच्या शिवारात घुसलेत. सरकारात जमा करून घ्या अन् पोच द्या."

मुनशींनी साहेबांना विचारलं, आणि साहेबांनी खरंच पोच दिली. घड्यातल्या अळ्या मोजायला मात्र मला दोन दिवस लागले.

आता खरी गोष्ट.

माझं माहेर सोनपेठचं. त्या वर्षी थंडीत मी चार दिवस माहेरी गेले होते. भावाने बाजारातल्या शेटजींकडून चहाची रिकामी पेटी आणली होती, गोधड्या ठेवायला. पातळ फळ्यांची हलकी पेटी, कडांना पत्र्याच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. आत थोडी चहाची पूड राहिलेली, घरभर वास. भाऊ म्हणाला, "जपून गं. रावणाच्या गावाहून आलीय म्हनं ही पेटी." तो सदा असंच काहीबाही बोलायचा. मी हसले आणि गोधड्या भरायला लागले.

भरता भरता पट्टीच्या फटीत बोट गेलं. सवयच ती. आत तीन कोष. तांदळाच्या दाण्याएवढे, ओळीने. पट्टी जरा सैल होती, म्हणून एक अलगद निघाला. बाकीचे दोन आत खोल होते, ते राहू दिले. काढलेला काडेपेटीत घालून परभणीला आणला आणि रिकाम्या काचेत ठेवला. त्याचं मला फार अप्रूप होतं असं नाही. आमच्या शेतावर तसे ढिगाने होते.

पाचव्या दिवशी सकाळी काचेत पाकोळी बसलेली!

मी अशी कधी बघितली नव्हती. आमच्या मातीतल्या पाकोळीच्या अंगावर काहीतरी असतंच, ठिपका, रेघ, कडेला झालर. हिच्यावर काहीच नव्हतं. राखेच्या रंगाची, ज्वारीच्या दाण्याएवढी, अगदी कोरी. माझ्या उघड्या मनगटांकडे माझं लक्ष गेलं आणि हसू आलं. म्हटलं, बाई गं, तूही लंकेची पार्वतीच की.

साहेबांनी भिंग लावलं. पुन्हा लावलं. कपाटातून जाड पुस्तक काढलं, चित्रं उलटत गेले आणि एका चित्रावर थांबले. मग त्यांनी काय करावं? टेबलाला एक फेरी मारली. टोपी काढून पुन्हा घातली.

"सरनदीप!" ते ओरडले. "बाई, ये तो सरनदीप की है! सिर्फ सरनदीप की! सारी दुनिया में और कहीं नहीं!"

मुनशींची तपकीर सांडली. सरनदीप कुठे ते मला माहीत नव्हतं, पण अंगावर काटा आला. सगळ्या दुनियेत जी एका ठिकाणीच राहते ती माझ्या काचेत बसली होती!

"बाई, साहेब विचारायलेत, कुठं घावली?" मुनशींनी विचारलं.

चिठ्ठी मी आधीच लिहिली होती. "सोनपेठ. भावाच्या घरी, पेटीत. खाद्य माहीत नाही." मुनशींनी वाचून दाखवलं. पेटीचं त्यांनी संदूक केलं. घरातली कपड्यालत्त्याची संदूक, असं साहेबांना वाटलं.

साहेबांनी पुस्तकात बोट ठेवून पुढचं वाचलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ही अळी पानवेलीची पानं खाते. आपण विडा करतो ती पानं. वेलीला जाळी पडते आणि वर्षभरात मळा बसतो.

"सोनपेठ में पान का बाग है?"

"हौ साहेब," मुनशी म्हणाले. "नदीकडच्या वाटेवर एक मळा हाय. बाईच्या भावाच्या घराला लागूनच."

तो मळा गोविंदमामाचा. मामा सख्खा नव्हे, सगळ्या आळीचा मामा. पोटी मूलबाळ नाही, जे काही ते पानमळ्यात. शेवरीच्या सावलीत वेल चढवलेले, खाली कायम ओल, आणि उन्हाळ्यातही आत गेलं की अंग गार व्हायचं. त्याचे दोन नियम होते. चपला बाहेर काढायच्या आणि आत मोठ्याने बोलायचं नाही. लहानपणी मला ती जागा फार आवडायची. जिथे कुणीच मोठ्याने बोलत नाही अशी दुसरी जागा मला माहीत नव्हती.

साहेब मला समजावून सांगायला लागले. कुठल्या तरी बाहेरच्या वेलाबरोबर ती मळ्यात आली असणार. अळीचं पोट भरलं की ती कोष करायला आडोसा शोधत दूरवर चालत जाते. मळ्यातून निघाली, भिंत चढली, संदुकीत शिरली. बरोबर ना?

अळी तशी चालते हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला अजून राग येतो.

"तो फिर वेल काटना पड़ेगा," साहेब म्हणाले. "जलाना पड़ेगा." माणूस दुष्ट नव्हता. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. पण एका मळ्यातून दहा मळ्यांत जायला किती दिवस लागतात, हे माझ्या काचांनीच त्यांना शिकवलं होतं. तहसीलला पत्र गेलं. उत्तर आलं, बाजाराच्या दिवशी सकाळी माणसं लावून तोडतो, साहेबांनी हजर राहावं.

बाजारापर्यंतच्या दोन दिवसांत मी किती चिठ्ठ्या लिहिल्या आणि फाडल्या! "मळा तोडू नका" असं लिहायचं तर का नको, ते लिहायला काहीच नव्हतं.

बाजाराचा दिवस उजाडला. साहेब टांग्याने स्टेशनकडे गेले. मुनशी मागे राहून कागद बांधत होते. पाकिटावर त्यांनी "सरनदीप" असं पुटपुटत मोठ्या उर्दू अक्षरात काहीतरी लिहिलं. मी काचा पुसत होते. मुनशींशी मला थोडं बोलता यायचं.

"मुनशीजी, सरनदीप म्हणजे कुठं हो?"

"अहो बाई, लंका!" मुनशी डोकं वर न करता म्हणाले. "रावणाची लंका. इंग्रज शिलोन म्हणतो, आपले साहेब सरनदीप म्हणतात. बेट एकच."

लंका.

माझ्या हातातली काच मी कशी खाली ठेवली ते मला आठवत नाही. रावणाच्या गावाहून आलीय म्हनं ही पेटी! भाऊ चेष्टा करत नव्हता. पाकोळी मळ्यातून चालत पेटीत आली नव्हती. पेटीतूनच समुद्र ओलांडून सोनपेठला आली होती. आणि मी तिला नाव काय ठेवलं होतं? लंकेची पार्वती! तोंडात ते नाव घेऊन मी तिच्याकडे बघत बसले होते आणि मला कळलं नव्हतं.

"मुनशीजी, च्याची पेटी! ती संदूक न्हाई, च्याची पेटी हाय! लंकेच्या च्याची!" एवढं ओरडले आणि पळत सुटले.

मुनशींना आधी काही कळेना, मग कळलं, मग तेही पळायला लागले, एका हातात टोपी, एका हातात कागद. कापूस वेचणाऱ्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या.

"अगं ए पार्वती, कुटं पळायलीस?" गजराबाई ओरडली. "लंकेला आग लागली का काय?"

"लागंल आता!" मी ओरडून सांगितलं. मी! तिला उत्तर दिलं! वाटेत हौदाजवळ मालक बैलांना पाणी पाजत होते. "मी मुनशींसंग सोनपेठला चाललेय," म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा धापा टाकणाऱ्या मुनशींकडे बघितलं आणि म्हणाले, "जा. आईला मी सांगतो."

स्टेशनात गाडी उभी होती. साहेब डब्याच्या दारात. मी खाली उभी राहिले आणि श्वास न घेता सगळं सांगितलं, पेटी, शेटजी, रावण, लंका, पट्टीच्या फटीतले उरलेले कोष. साहेब ऐकत राहिले. सांगून झाल्यावर पहिलं वाक्य काय म्हणाले?

"बाई, तुम बोलती हो?"

मग म्हणाले, "सुबूत चाहिए."

गंगाखेडपर्यंत रेल्वे, तिथून दमणी. बैल पळवत आणले तरी उन्हं चांगलीच वर आली होती. मळ्याच्या तोंडाशी तहसीलचे दोन शिपाई आणि कोयते घेतलेले चार गडी. गोविंदमामा बांधावर बसलेला होता. भांडत नव्हता, हातापाया पडत नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा तो गड्यांना एवढंच सांगत होता, "तोडायचं तर तोडा बाबांनो. पन चपला भाईर काढून जावा आत."

मला बघून म्हणाला, "आलीस का पोरी? पानी पी."

साहेबांनी हात वर करून गड्यांना थांबवलं. भावाने पेटी अंगणात आणली, गोधड्या बाहेर फेकल्या, खुरप्याने पट्टी उचकटली. मी खाली बसून फटीत बघितलं. मामा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. साहेब आणि मुनशी जरा लांब, दारातल्या माणसांना मागे सारत होते.

दोन कोष होते. एक भरलेला. दुसऱ्याचं तोंड उघडं. रिकामा.

मला काय झालं कुणास ठाऊक. माझा अंगठा आपोआप रिकाम्या कोषावर गेला आणि चुरा झाला. भरलेला कोष मी साहेबांपुढे धरला.

"बस? एक ही?"

मी मान हलवली. दुसऱ्यांदा.

साहेबांनी कोष उजेडात धरला आणि म्हणाले, "बाई, मगर ये तो यहाँ भी बना सकती है. मळे से आई, पट्टी के नीचे घुसी." त्यांचंही खरं होतं. पेटी भावाच्या घरी महिनाभर होती.

आता मी थांबणार नव्हते. "साहेब, शेटजींच्या दुकानात न फोडलेल्या पेट्या असतील. त्या बघू."

शेटजींचं दुकान भर बाजारात. सगळा बाजार आमच्या मागे. आत तीन पेट्या, कागद चिकटवलेल्या, न उघडलेल्या. शेटजी आडवेच पडले.

"बंद पेटी फोडायची? वास उडून जाईल हो! मग तो चहा न्हाई, कडबा झाला!"

"आतला चांदीचा कागद फाडायचा नाही," मी म्हटलं. "भाईरची पट्टी तेवढी उचलायची. पाहिजे तर तुमीच उचला."

शेटजींनी साहेबांकडे बघितलं, शिपायांकडे बघितलं, आणि हातोडी घेतली. पहिली पट्टी, काही नाही. दुसरी, काही नाही. लोक कुजबुजायला लागले. बाजूची म्हातारी म्हणाली, "काय शोधायलेत गं?" कुणी म्हणालं, "सोनं घावलंय म्हनं." तिसरी पट्टी निघाली आणि साहेबांनी शेटजींचा हात धरला.

ओळीने चार कोष. कारखान्यात ठोकलेल्या पट्टीखाली, आजवर एकही खिळा न निघालेल्या पेटीत. सोनपेठची अळी तिथे जाणार कुठून?

"सुबूत," साहेब हळूच म्हणाले.

आणि तेवढ्यात, हातोडीचे हादरे बसले होते म्हणून की काय, कोपऱ्यातल्या कोषाचं तोंड हललं. आधी डोकं आलं, मग पाय, मग ओले चुरगळलेले पंख घेऊन ती बाहेर आली आणि फळीवर बसली. मी हे शेकडो वेळा बघितलेलं, पण काचेत. इथे सगळा बाजार वाकून बघत होता. पंख हळूहळू पसरले. राखेचा रंग. कोरी.

मी फुलवात वळायला हात पुढे केला, आणि बाजूला कुणीतरी शिंकलं. पाकोळी उडाली!

"पकड़ो!" साहेब ओरडले. "नक्को, नक्को, हाथ नक्को लगाओ!"

ती वर गेली, दिव्याच्या खुंटीवर बसली, तिथून तुळईवर. दुकानाचं मागचं दार उघडं होतं आणि त्या दारातून नदीकडची वाट सरळ दिसत होती. मामाच्या मळ्याची वाट.

"दार लावा!" मी म्हटलं. मग कासोटा घट्ट केला, पदर खोचला आणि सगळ्या बाजारासमोर मिठाच्या पोत्यांवर चढले. शेटजींच्या कंदिलाची काच एका हातात, दुसऱ्या हातात कापूस. खालून मामाचा आवाज आला, "पोरी, हळू. पोतं सैल हाय." मी फुलवात जिभेला लावली आणि तुळईवर तिच्या पायांपुढे धरली. ती थांबली. मिशा हलवल्या. मी श्वास धरून उभी. एक पाय फुलवातीवर. दुसरा. वरून काच.

खाली उतरले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि मला पुन्हा लाज वाटायला लागली होती.

साहेबांनी शिपायांना सांगितलं, "वापस जाओ. मळे को कोई हाथ नक्को लगाओ." शेटजींच्या सगळ्या पट्ट्यांवर उकळतं पाणी ओतलं, भावाच्या पेटीवरसुद्धा. गडी कोयते खांद्यावर टाकून गेले. मामा मळ्यात गेला आणि केळीच्या पानात बांधलेली पानांची जुडी आणून साहेबांच्या हातात दिली, दुसरी माझ्या.

परभणीला परतल्यावर पाकोळीखाली लावायची चिठ्ठी साहेबांनी स्वतः लिहायला घेतली. "मुक़ाम?" त्यांनी विचारलं.

"लंका," मी म्हटलं. तोंडाने.

त्यांनी सरनदीप लिहिलं आणि पुढे, माझ्यासाठी म्हणून, मुनशींकडून मराठीत लंका लिहून घेतलं. खाली "सोनपेठ बाज़ार में आई". इथले लोक तिला काय म्हणतात, असंही त्यांनी विचारलं. मी सांगितलं, लंकेची पार्वती. मुनशी एवढे हसले की पुन्हा तपकीर सांडली. कुणाला सापडली, या जागी साहेबांनी माझं नाव विचारलं आणि तिथे मात्र माझी जीभ पुन्हा टाळूला चिकटली. मुनशींनी लिहिलं, "बाई, परभणी". तीच चिठ्ठी हैदराबादला गेली. पुढे राज्य बदललं, साहेब गेले, आणि ती पाकोळी आता कुठल्या पेटीत आहे मला माहीत नाही.

गजराबाईला सगळं कळल्यावर ती म्हणाली, "म्हंजी माजं नाव सरकारात गेलं की गं! तुला पार्वती मीच म्हनले व्हते."

माझ्या मनातून मात्र तो रिकामा कोष जात नव्हता. साहेबांपासून मी आयुष्यात एवढं एकच लपवलं. एकटी पाकोळी असली तर तिची अंडी सुकून जातात, हे मी माझ्या काचांत कितीदा तरी बघितलं होतं. पण ती एकटी होती हे मला कोण सांगणार? ती भावाच्या घरातून निघाली असेल, आणि त्या घराच्या भिंतीपलीकडे मळा. साहेबांना सांगितलं असतं तर त्याच दिवशी मळा गेला असता. नाही सांगितलं, आणि ती तिथे असली, तर दहा मळे जातील. असा तो घोर.

म्हणून त्यानंतर मी माहेरी गेले की पहिल्यांदा मळ्यात जायची. पानं उलटून बघायची, खालून, देठाजवळ, कुठे जाळी दिसते का. मामाला वाटत असेल, पोरीला पानांची आवड. तो जुडी बांधून द्यायचा.

पुढच्या वर्षी अशीच एका सकाळी पानं बघत होते. मामा पलीकडच्या ओळीत पाणी सोडत होता. माझे पाच-सहा वेल बघून झाले तेव्हा तो आवाज न चढवता म्हणाला, "घावली का?"

"काय मामा?"

"ती दुसरी. भावाच्या पेटीतली. रिकामं व्हतं न्हवं एक? तू आंगठा ठिवलास तवा मी मागंच उबा व्हतो."

मामाने फावडं बांधावर टेकवलं, वाकून एक पान उलटलं, बघितलं, सोडलं.

"मी बी रोज सकाळी बघायलोय," तो म्हणाला. "हिकडल्या वळी माज्या बघून झाल्या. तू तिकडल्या बघ."

मी चपला आधीच बाहेर काढल्या होत्या. पदर खोचला आणि तिकडच्या ओळी बघायला लागले.